व्हॉल्व्ह-फ्लँजचं लॅगिंग : काढता-घालता येणारं जॅकेट कसं बनवायचं

कुठल्याही कारखान्यात बॉयलर हाऊसपासून स्टीम लाईनच्या कडेने चालत जा. सरळ पाईप लॅगिंगमध्ये, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या लोकरीत आणि वरून पत्र्यात, छान गुंडाळलेला दिसेल आणि व्हॉल्व्ह आला की उघडा, फ्लँज (पाईप बोल्टने जोडायची चकती) उघडी, स्ट्रेनर (गाळणी) उघडा. सुरुवातीला केलेलं असतं हो, पण एकदा गॅस्केट (दोन फ्लँजमधली सीलची चकती) बदलायला ते फोडलं की परत कोण करतंय? लॅगिंगवाला शटडाऊनला (प्लँट दुरुस्तीसाठी बंद असताना) येऊन गेला, आता पुढच्या शटडाऊनलाच उगवणार.

आता गेजवर १० बारची स्टीम म्हणजे १८४ डिग्री. ४ इंची, लॅगिंग नसलेला व्हॉल्व्ह साधारण मीटरभर उघड्या पाईपइतकी उष्णता सोडतो, म्हणजे ढोबळमानाने एक किलोवॅट. घरातली इस्त्री चालू ठेवून गावाला गेल्यासारखंच आहे हे, आणि एकेका हेडरवर (फाटे निघतात त्या मुख्य पाईपवर) अशा सात-आठ इस्त्र्या.

म्हणून अशा ठिकाणी पत्रा ठोकत बसू नका, जॅकेट शिवा. फिटरला पाना न लावता दोन मिनिटांत काढता आलं पाहिजे आणि तेवढ्याच वेळात परत घालता आलं पाहिजे, नाहीतर ते जॅकेट कोपऱ्यात पडणार, लिहून ठेवा.

सगळ्यात आधी जुनं लॅगिंग बघा. जुन्या प्लँटमध्ये पांढरं, प्लॅस्टरसारखं, तंतू निघणारं काही दिसलं तर हात लावू नका, ते अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. टेस्ट करून घ्या आणि काढायला त्याच कामाची माणसं बोलवा. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही इथे.

मग बाजूच्या पाईपचं लॅगिंग कुठे थांबवायचं ते ठरवा. फ्लँजला चिकटून आणलं तर बोल्ट बाहेर कुठून काढणार? ४ इंची, क्लास १५० (दाबाचं रेटिंग) च्या फ्लँजचा स्टड (लांब बोल्ट) ९० मिमीच्या आसपास असतो, त्यात २५-३० मिमी वाढवा, म्हणजे फ्लँजपासून १२० मिमी अलीकडेच लॅगिंग संपवायचं. तिथली कड पत्र्याची टोपी लावून बंद करा, उघडं रॉकवूल (दगडी लोकर) ठेवलं की पाणी पितं.

आता माप. गरम लाईनवर वाकून माप घेण्यापेक्षा स्टोअरमध्ये त्याच मेकचा स्पेअर व्हॉल्व्ह असेल तर तो टेबलावर ठेवा आणि वर्तमानपत्र गुंडाळून खडूने खुणा करा. पाईप बाहेरून ११४ मिमी, त्यावर दोन्हीकडून ५० मिमी लॅगिंग, झाले २१४, आणि फ्लँज २२९. म्हणजे लॅगिंग आणि फ्लँज जवळपास एका लेव्हलला येतात, त्यामुळे मधला भाग सरळ पिंपासारखा शिवता येतो आणि त्याची दोन्ही टोकं बाजूच्या लॅगिंगवर ५०-५० मिमी चढवायची. आत जी खाच राहते तिच्यात कापडात शिवलेली लोकरीची उशी घाला. पोकळ ठेवू नका.

नवशिका हमखास चुकतो ती जागा म्हणजे आतलं आणि बाहेरचं कापड एकाच मापाचं कापणं. आतला घेर २२९ गुणिले ३.१४, म्हणजे ७२० मिमी. बाहेर ५० मिमी जाडी दोन्हीकडून वाढते, व्यास होतो ३२९ आणि घेर १०३३ मिमी. तीनशेपेक्षा जास्त मिमीचा फरक! एकाच मापाचं कापलं तर जॅकेट मिटतच नाही आणि मधे फट राहते. बाहेरच्या कापडाला वर ७५ मिमी ओव्हरलॅपही धरा.

कापड सिलिकॉन कोटिंगचं ग्लास क्लॉथ घ्या, १८४ डिग्रीला आरामात टिकतं. सुपरहीटेड लाईन असेल तर आतल्या बाजूला कोटिंगवालं नको, साधं ग्लास क्लॉथ किंवा एसएस (स्टेनलेस स्टील) जाळी. आत रॉकवूलची मॅट. थर्मोकोल किंवा एसीच्या पाईपवरचा काळा रबर इथे चालत नाही, वितळतो नाहीतर जळतो. शिवायला ताडपत्री शिवणारा कारागीर गाठा, त्याच्याकडे दाभणही असतं आणि हातात जोरही, फक्त दोरा ग्लासचा किंवा एसएस तारेचा आपण न्यायचा, नायलॉन आणि सुती दोरा पहिल्याच आठवड्यात जातो.

आणि गोधडीला घालतो तसे आरपार टाके घाला, दर १००-१५० मिमीवर. हे टाळलं तर लोकर हळूहळू खाली सरकते, खाली पोट सुटतं आणि वर नुसतं कापड उरतं, बाहेरून जॅकेट दिसतं झकास पण वर हात ठेवला की चटका. बांधायला बक्कलवाले पट्टे लावा, वेल्क्रो लावायचंच तर फक्त बाहेरच्या झाकणीला. सगळ्यात खाली एक छोटं आयलेट (धातूची कडी बसवलेलं भोक) ठेवा, म्हणजे फ्लँज गळायला लागली की तिथून थेंब पडतो आणि कळतं.

व्हॉल्व्हच्या मानेला वेगळी कॉलर करा, नाडीवाली, पण ग्लँड (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचं सील) बाहेरच ठेवा. ग्लँड झाकली की गळती दिसत नाही आणि आवळताही येत नाही. सेफ्टी व्हॉल्व्हची स्प्रिंग आणि डिस्चार्ज, पीआरव्हीचा (दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हचा) डायफ्रॅम, अ‍ॅक्चुएटर (व्हॉल्व्ह चालवणारं यंत्र), साईट ग्लास (आत बघायची काच), नेमप्लेट, हे सगळं उघडंच राहू द्या.

स्टीम ट्रॅपचं, म्हणजे वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचं, मात्र जरा ऐका. मी एकदा उत्साहाच्या भरात एका ड्रायरचे सगळे ट्रॅप झाकून टाकले, दिसायला काय सुंदर, आणि दुसऱ्या दिवशी ड्रायर गरमच होईना, कारण ट्रॅप थर्मोस्टॅटिक होते. ते कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) थंड झाल्यावरच उघडतात, त्यांना थंड होऊच दिलं नाही तर पाणी आत तुंबतं. त्यांच्या आधीचा मीटरभर पाईपही उघडाच ठेवतात. चकतीवाला थर्मोडायनॅमिक ट्रॅपही झाकला की सुस्त होतो. फ्लोट आणि बकेटवाले ट्रॅप झाकले तर चालतात. त्या दिवशी अर्धी शिफ्ट जॅकेटं सोडवण्यात गेली आणि सुपरवायझरचं बोलणं वेगळं.

पाईप स्टेनलेस स्टीलचा असेल तर लोकर कमी क्लोराईडची मागा आणि ती ओली होऊ देऊ नका, ओल्या लोकरीतलं क्लोराईड गरम एसएसला आतल्या आत तडे पाडतं.

स्टीम सोडून तास-दोन तास जाऊ द्या, मग आयआर गनने (लांबून तापमान मोजणाऱ्या) तपासा. बाहेरून ६० डिग्रीच्या आत हवं. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम पत्र्यावर गन खोटं कमी रीडिंग दाखवते, तिथे काळी टेप चिकटवून टेपवर बघा. वरच्या बाजूला आणि टाक्यांच्या रेषेवर मुद्दाम बघा, कमी पडलं तर तिथेच पडतं. आणि शेवटी मार्करने जॅकेटवर व्हॉल्व्हचा टॅग नंबर आणि वर-खालची खूण लिहा, नाहीतर पुढच्या शटडाऊनला सहा जॅकेटांचा ढीग आणि कुठलं कुठे बसतं यावर दोन फिटरांची भांडणं ठरलेली.