बुद्धिबळाच्या रॅपिड (कमी वेळाच्या) टूर्नामेंटमध्ये वेळ कुठे घालवायचा

१५ मिनिटं अधिक दर चालीला १० सेकंद असा गेम असेल तर ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, ओळखीच्या चाली पटापट खेळा आणि वेळ खऱ्या अडचणीसाठी ठेवा, म्हणजे समजा तुम्ही काळ्याने खेळताय, इटालियन नावाच्या ओपनिंगमध्ये समोरच्याचा घोडा जी५ या घरात येऊन एफ७ या घरावर डोळा ठेवून बसलाय, तर प्यादं डी५ ला खेळा, त्याने ते प्यादं मारलं की एफ६ च्या घोड्याने परत मारायचा मोह आवरा, सी६ चा घोडा ए५ ला नेऊन त्याच्या उंटावर हल्ला करा. इथे दोन मिनिटं गेली तरी चालतील.

घड्याळ मात्र ज्या हाताने चाल केली त्याच हाताने दाबायचं हं, आणि स्वतःच्या चालीला मोहऱ्याला मुद्दाम हात लावला तर तोच हलवावा लागतो.