इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधल्या कॉम्प्युटर बाजाराला निघण्याआधी: जुन्या पीसीसाठी ग्राफिक्स कार्ड

आधी ठरवा, कार्ड हवंय कशाला. इंदूरच्या बऱ्याच घरांत दुसरा पीसी म्हणजे कुठल्या तरी ऑफिसातून निघालेला इंटेलच्या चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसरवाला. तो सुरू व्हायलाच वेळ खात असेल तर ग्राफिक्स कार्डाने काडीचाही फरक पडणार नाही. एसएसडी बसवा, रॅम वाढवा आणि विषय संपवा. यूट्यूबचा ४के व्हिडिओ अडखळत असेल किंवा पोरांना गेम खेळायचे असतील, तरच कार्डाच्या मागे लागा.

मग कॅबिनेट उघडा. धूळ ब्लोअरने उडवा (गच्चीवर, नाहीतर घरचे बोलतील) आणि एसएमपीएसच्या (पीसीला वीज देणाऱ्या डब्याच्या) लेबलचा फोटो काढून ठेवा. कुठलं कार्ड घ्यायचं हे शेवटी एसएमपीएसच ठरवतो. लेबलवर ठळक ४५० वॅट छापलं असलं तरी भुलू नका. १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर बघा आणि त्यांना १२ने गुणा. १८ अँपिअर म्हणजे २१६ वॅट, आणि त्यात प्रोसेसरचाही वाटा. डेल ऑप्टिप्लेक्स ९०२०च्या छोट्या डब्यात तर सगळे मिळून २५५ वॅट. कार्डासाठी सहा-पिनी वायर नाही, आणि बाजारातला साधा एसएमपीएस त्याला सरळ बसतही नाही. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. दुसऱ्या पीसीसाठी त्या ७५च्या आतच राहावं, असं माझं ठाम मत आहे. सेकंड हँड आरएक्स ५८० कितीही स्वस्त मिळालं तरी ते १८५ वॅटचं आहे.

पट्टी घेऊन स्लॉटपासून हार्ड डिस्कच्या खोक्यापर्यंतचं अंतर मोजा. डबा अरुंद असेल तर लो-प्रोफाइल म्हणजे कमी उंचीचं कार्डच लागेल, आणि त्याची छोटी ब्रॅकेट (मागची धातूची पट्टी) कार्डाच्या खोक्यात आहे ना, हे दुकानातच बघून घ्या.

मॉनिटरची मागची बाजूही बघा. फक्त व्हीजीए असेल तर आजच्या कार्डांना तो पोर्टच नसतो. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर हिशोबात धरा.

आता कार्डं. जीटी १०३० एकाच नावाने दोन प्रकारांत विकलं गेलं: जीडीडीआर५ मेमरीवालं सेकंदाला ४८ जीबी डेटा हलवतं, डीडीआर४वालं जेमतेम १७. दुसरं फुकट मिळालं तरच घ्या. आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅट घेतं, पण बोर्डाशी डेटा देवाणघेवाणीच्या चारच वाटा (लेन) वापरतं, त्यामुळे जुन्या बोर्डावर गेममध्ये मागे पडतं. रेकॉर्डिंग करताना व्हिडिओ छोटा करणारा भाग, म्हणजे व्हिडिओ एन्कोडरही त्यात नाही. इंटेलचं आर्क ए३८० कागदावर छान दिसतं, मात्र नीट वेगाने चालायला त्याला रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारं बोर्डाचं फीचर) लागतं आणि ते चौथ्या पिढीच्या बोर्डांवर सहसा नसतं. जीटीएक्स १०५० टीआय अजून खूप फिरतं. एनव्हिडियाने त्या पिढीचे नियमित गेम ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले, सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. तेवढ्यावर भागत असेल तर हरकत नाही. जुनंच घ्यायचं तर मी जीटीएक्स १६५० बघेन, सहा-पिनी जोडणी नसलेलं. नवं घ्यायचं तर ६ जीबीचं आरटीएक्स ३०५०, ७० वॅटचं. ८ जीबीवालं त्याच नावाचं कार्ड १३० वॅट मागतं, तेव्हा खोकं नीट वाचा. पैसे जास्त जातात खरे, पण पुढे पीसी बदलला तरी हे कार्ड त्यात लावता येतं.

आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलला जाताना एसएमपीएसचा फोटो, मापं आणि जीपीयू-झेड (कार्डाची खरी माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकलेला पेन ड्राइव्ह सोबत असू द्या. जुन्या जीटीएस ४५०चा बायोस (आत भरलेलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून ते १०५० टीआय म्हणून खपवल्याचे प्रकार झालेले आहेत. जीपीयू-झेड अशी बरीच नकली कार्डं ओळखतं. काउंटरवरून ‘भिया, सब चल जाएगा’ असं उत्तर आलं तर हसून म्हणा, लावून दाखवा. दहा मिनिटं गेम चालवून पंख्याचा आवाज ऐका. नव्या कार्डाला जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या.

घरी कार्ड बसवण्याआधी बोर्डाचा नवा बायोस आला असेल तर तो टाका, जुना ड्रायव्हर काढा, आणि कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डवरून काढून कार्डाच्या पोर्टला लावा.