आधी कंसाच्या आत बघा: कॉम्प्लेक्सचं नाव लिहिताना

प्रॅक्टिकलला लोहाची चाचणी घेताना पोटॅशियम फेरोसायनाइडची बाटली हातात येते. लोहाला सायनाइड किती जोडलेत, लोहाचा ऑक्सिडेशन नंबर, म्हणजे त्याच्यावर धरलेला भार, किती, हे त्या लेबलावरून कळत नाही. पोटॅशियम हेक्झासायनिडोफेरेट(२) म्हटलं की दोन्ही कळतं. मधल्या धातूला असे आयन किंवा रेणू जोडलेले असले की त्याला कॉम्प्लेक्स म्हणतात. म्हणून वर्गात मी नियमांची यादी आधी देत नाही. नाव वाचून रचना काढता आली पाहिजे, एवढंच सांगते आणि एक संयुग फळ्यावर घेते.

माझं आवडतं संयुग कोबाल्टचं आहे: एक कोबाल्ट, पाच अमोनिया, तीन क्लोराइड. पूर्वी अशा संयुगांना रंगावरून नावं होती. पिवळं ते ल्युटिओ, हिरवं ते प्रासिओ, आणि आपलं हे जांभळट लाल म्हणून पर्प्युरिओ. रंगावरून जोडणी कशी कळणार? आल्फ्रेड व्हेर्नर यांनी १८९३ साली धातूभोवतीच्या जोडणीचा सिद्धांत मांडला, तेव्हा कुठे रचनेवर आधारलेल्या नावांना पाया मिळाला.

या कोबाल्टच्या संयुगाच्या थंड द्रावणात सिल्व्हर नायट्रेट घातलं तर तीनपैकी दोनच क्लोराइडांचा पांढरा साका लगेच बसतो. तिसरा कोबाल्टला धरून आहे. म्हणजे चौकटी कंसात कोबाल्ट, पाच अमोनिया आणि एक क्लोराइड, बाहेर दोन क्लोराइड. ही वाटणी कळल्याशिवाय पेन उचलू नका.

आता लिगँडची, म्हणजे धातूला जोडलेल्या आयनांची किंवा रेणूंची, नावं. ऋणभारी लिगँडच्या शेवटी 'ओ' येतो: क्लोरिडो, सायनिडो, हायड्रॉक्सिडो. जुन्या पुस्तकांतलं क्लोरो, सायनो आयुपॅकच्या (रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना) २००५च्या शिफारशींनी बदललं. पाणी अ‍ॅक्वा, कार्बन मोनॉक्साइड कार्बोनिल. अमोनिया अ‍ॅमिन होतो, आणि इंग्रजीत त्यात एम दोनदा येतो. एकच एम लिहिलात तर ते सेंद्रिय अमीन झालं, हे मी पुन्हा पुन्हा सांगते.

क्रम इंग्रजी वर्णमालेचा, लिगँडच्या नावाचा. संख्या दाखवणारे डाय, ट्राय, पेंटा त्यात धरायचे नाहीत. अ‍ॅमिनचा ए, क्लोरिडोचा सी, म्हणून अ‍ॅमिन आधी. शेवटी धातू, त्याला चिकटून कंसात ऑक्सिडेशन नंबर. तो असा काढा: बाहेरच्या दोन क्लोराइडांमुळे आयनावर अधिक दोन भार, अमोनियाचा शून्य, आतल्या क्लोराइडचा उणे एक. कोबाल्ट अधिक तीन.

पेंटाअ‍ॅमिनक्लोरिडोकोबाल्ट(३) क्लोराइड. उत्तरपत्रिकेत आकडा रोमन लिहा. कॉम्प्लेक्स आयनाचं नाव सलग, मध्ये जागा नाही. जागा फक्त धन आणि ऋण आयनांच्या मध्ये. शेवटी 'डायक्लोराइड' लिहू नका. बाहेरचे किती ते भारावरून आपोआप ठरतं.

कॉम्प्लेक्स स्वतः ऋण असेल तर धातूला 'एट' लागतं: कोबाल्टेट, प्लॅटिनेट. काही धातू इथे लॅटिन नाव घेतात: लोहाचं फेरेट, तांब्याचं क्युप्रेट, चांदीचं अर्जेंटेट, सोन्याचं ऑरेट. सुरुवातीच्या फेरोसायनाइडच्या सूत्रात चार पोटॅशियम आहेत, म्हणून आयन उणे चार. सहा सायनाइडांचे उणे सहा. लोह अधिक दोन. शेजारच्या बाटलीतल्या फेरिसायनाइडच्या सूत्रात पोटॅशियम तीन, तिथे लोह अधिक तीन. कॉम्प्लेक्स धन असेल तर साधंच नाव: सिल्व्हर मिरर चाचणीतला आयन डायअ‍ॅमिनसिल्व्हर(१).

ज्या लिगँडच्या नावातच डाय किंवा ट्राय आहे, त्याला बिस, ट्रिस लावून नाव कंसात टाका: ट्रिस(इथेन-१,२-डायअमीन)कोबाल्ट(३). 'ट्रायडाय' असं काही व्हायला नको, म्हणून ही सोय.

आता एक जोडी स्वतः करून बघा. धन आणि ऋण, दोन्ही आयन कॉम्प्लेक्स आहेत. पहिल्यात कोबाल्टला सहा अमोनिया आणि क्रोमियमला सहा सायनाइड; दुसऱ्यात अदलाबदल. चारही ठिकाणी धातू अधिक तीन. दोन्ही संयुगांत अणू तेच आणि तेवढेच. पहिलं हेक्झाअ‍ॅमिनकोबाल्ट(३) हेक्झासायनिडोक्रोमेट(३), दुसरं हेक्झाअ‍ॅमिनक्रोमियम(३) हेक्झासायनिडोकोबाल्टेट(३).