जुन्या काळच्या डिटेक्टिव्ह सिनेमाला जॅझ कसं द्यावं

आधी तो सॅक्सोफोन बाजूला ठेवा. ओला रस्ता, दिव्याचा खांब, सिगारेटचा धूर आणि मागे विव्हळणारा सॅक्सोफोन, हे इतकं उगाळून झालंय की आता लोक हसतात.

मग सालाचा हिशेब. पडद्यावर क्लबात किंवा रेडिओवर वाजणारं संगीत गोष्टीच्या सालातलंच हवं. १९४० च्या आसपासची मुंबई असेल तर स्विंग, म्हणजे झुलत्या ठेक्याचं नाचाचं जॅझ. लिऑन अ‍ॅबीचा अमेरिकी बँड १९३५ मध्येच ताजमध्ये वाजून गेला होता आणि आपले गोव्याचे वादक ते वळण झपाट्याने उचलत होते. पार्श्वसंगीताला मात्र हे बंधन घालून घेऊ नका. १९४० च्या दशकातल्या हॉलिवूडच्या गुन्हेपटांना बहुतेक करून मोठा ऑर्केस्ट्राच असायचा. डिटेक्टिव्ह म्हटलं की जॅझ, हे पुढे १९५० नंतर रुळलं. त्यामुळे ‘त्या काळी असं नव्हतं’ म्हणणाऱ्याला खुशाल चहा पाजा.

वाद्यं चार: ट्रम्पेट, पियानो, डबल बास, ब्रशने वाजवलेले ड्रम. पुरे.

आता जिथे मी तोंडावर आपटलो तो भाग. हेर रिकाम्या खोलीची झडती घेतोय, एवढाच सीन होता. एक मिनिट चाळीस सेकंद. मी मिनिटाला ७२ ठोक्यांची लय धरली, चार-चार ठोक्यांचे बरोबर तीस बार बसले, भलताच खूश झालो. ड्रॉवर उघडला की एक सूर, पडदा हलला की एक सूर, सगळं लिहून क्लिकवर, म्हणजे कानात टिकटिकणाऱ्या ठोक्यावर, वाजवून घेतलं. दिग्दर्शक म्हणाला, "अरे, हे कार्टून झालंय." खरंच झालं होतं.

१९५७ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये अमेरिकी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने एका फ्रेंच चित्रपटाचं संगीत पडद्यावरची दृश्यं बघत वाजवलं. साथीदारांना त्याने दिलेली सूचना जेमतेम दोन कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या दोन जुड्यांची: डी मायनर आणि सी सेव्हन्थ, चार-चार बार. तेच करा. वादकाला सीन तीनदा दाखवा, दोन कॉर्ड द्या, क्लिक बंद करा. कागदावर फक्त दोन जागा लिहा: कुठे सुरू करायचं आणि कुठे थांबायचं. झडतीत हेराला पत्र सापडतं ना, तिथे वाजवायचं नाही, तिथे थांबायचं. सूर तुटला की प्रेक्षकाची मान आपोआप पुढे येते.

संवाद असेल तर आणखी जपून. उघडा ट्रम्पेट थेट माणसाच्या आवाजावर चढतो आणि मिक्समध्ये कितीही खाली ओढला तरी बोचतो. हार्मन म्यूट, म्हणजे ट्रम्पेटच्या तोंडात बसवायचं धातूचं बूच, लावा, त्याची मधली नळी काढून टाका, माइक अगदी जवळ घ्या. आणि वाक्य संपल्यावर वाजवा, वाक्यावर नाही. तबलजी गायकाची जागा संपेपर्यंत हात आवरतो, तसं.

स्विंग संगणकावर जुळवत बसू नका. एका ठोक्यातल्या लांब-आखूड सुरांची प्रत्येक जोडी तिस्रात (ठोक्याचे तीन समान भाग करून) मोजून बसवली की दादऱ्याचा ठेका ऐकल्यासारखं वाटतं. लय चढली की जोडीतले सूर जवळजवळ समान होतात, आणि हे चांगल्या ड्रमरच्या मनगटाला न सांगता कळतं. त्याला पैसे द्या.

ग्रामोफोनची खरखर पडद्यावर ग्रामोफोन असेल तेव्हाच.