जटांना मेंदी लावायची तर आधी धुण्याचा विचार करा

मोकळ्या केसांतली मेंदी चार तांबे पाण्यात निघून जाते. ड्रेडलॉक्सचं तसं नाही. जटेच्या गाभ्यात शिरलेला लगदा वाळला की त्याची खडी होते आणि पुढे कितीतरी दिवस कॉलरवर हिरवट भुगा पडत राहतो. म्हणून खालचं सगळं एकाच हिशेबाने ठरवलं आहे: आत गेलेलं बाहेर निघालं पाहिजे, आणि जटा त्याच दिवशी आतपर्यंत वाळल्या पाहिजेत.

नागपुरात यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च उत्तम. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत जाड जट दोन दिवस ओली राहते, कुबट वास धरते आणि आत बुरशी येते. असं झालं की जट कापण्यावाचून फारसा उपाय उरत नाही. एप्रिल-मे चालेल, पण कूलरपुढे बसून जटा वाळवायच्या नाहीत. ती हवा गार लागते तीच मुळी ओली असते म्हणून. जटा सहा महिन्यांपेक्षा नव्या असतील तर थांबा. इतक्या धुण्याने त्या सुटतात.

पूड

खांद्यापर्यंतच्या जटांना 250 ते 300 ग्रॅम, कमरेपर्यंत असतील तर अर्धा किलो. पाकिटावर घटक म्हणून फक्त मेंदीची पानं, म्हणजे लॉसोनिया इनर्मिस, एवढंच हवं. राजस्थानातल्या सोजतची बारीक पूड इतवारीच्या किराणा बाजारात शोधली तर मिळते. शुद्ध मेंदी केशरी-लालच रंगते. ‘काळी मेंदी’ म्हणून जे विकतात त्यात बहुतेक वेळा पीपीडी हे रसायन असतं, त्याने टाळू भाजल्यासारखी होऊ शकते. कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून 48 तास वाट बघा. जी6पीडीची (तांबड्या पेशींना जपणारं एक एन्झाइम) कमतरता असलेल्यांनी आणि लहान मुलांनी मेंदीच्या वाटेला जाऊ नये, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो.

पूड बारीक दिसली तरी जुन्या ओढणीतून वस्त्रगाळ करा. कापडावर ज्या शिरा आणि काड्या उरतात, त्याच एरवी जटेत अडकून बसल्या असत्या.

भिजवणं

घरच्या मेंदीत आपण दही, अंडं, मेथी, आवळा असं काय काय घालतो. इथे यातलं काहीही नाही. दही जटेच्या आत आंबतं, अंडं तर विचारूच नका. संत्र्याचा रस घालायचा मोह नागपूरकराला होणारच, पण त्यात आंबटपणापेक्षा साखर जास्त. जटा चिकट होतात आणि मुंग्यांची सोय होते. 100 ग्रॅम पुडीला 400 मिली कोमट पाणी आणि एक मोठा चमचा गाळलेला लिंबाचा रस पुरे. बोअरचं पाणी जड असतं, शक्यतो नळाचं घ्या. काच किंवा स्टीलच्या भांड्यात, कढीएवढी सरसरीत. नेहमीसारखी घट्ट भिजवली तर ती धुताना रडवेल.

मे महिन्यात रंग दोन-तीन तासांत सुटतो. डिसेंबरच्या थंडीत रात्रभर ठेवावी लागते. वरचा थर तपकिरी आणि आत अजून हिरवी, अशी झाली की तळव्यावर थेंब ठेवा. पाच मिनिटांत केशरी डाग पडला तर मेंदी तयार.

लावणं

सकाळी सातला सुरुवात करा, म्हणजे वाळवायला दिवसभराचं ऊन मिळेल. आधी शाम्पू करा. तेल किंवा कंडिशनर राहिला तर रंग धरत नाही. जटा पिळून घ्या, ओलसर ठेवा. कोरडी जट लगदा आत ओढते, ओलसर तेवढा ओढत नाही. कपाळाला आणि कानांना व्हॅसलीन लावा. सॉसच्या टोकदार बाटलीतून आधी मुळांना, मग प्रत्येक जटेवर वरवर मेंदी सोडा आणि दोन तळव्यांत हलके फिरवा. दाबून आत भरायची नाही. प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळा. तीन तासांच्या वर ठेवू नका आणि मेंदी वाळू देऊ नका. उन्हात गच्चीवर जाऊन बसलात तर वाळणारच.

धुणं

खरं काम इथे आहे, पाऊण-एक तास हाताशी ठेवा. मोठ्या टबात कोमट पाणी घ्या, सगळ्या जटा बुडवून दहा मिनिटं स्वस्थ बसा. मग पाण्यातच एकेक जट मुळाकडून टोकाकडे स्पंजसारखी दाबत या. पिळा देऊ नका. पाणी बदला, पुन्हा बुडवा. चौथ्या-पाचव्या पाण्यापर्यंत फिकट केशरी पाणी येईल, ते चालतं, कारण तो रंग आहे. तळाशी गाळ बसत असेल तर अजून धुवायचं बाकी आहे. शेवटी एक जट पांढऱ्या पंचात दाबून बघा: डाग दिसला तर ठीक, कण दिसले तर पुन्हा टब. मोरीच्या जाळीवर कापड ठेवा, नाहीतर गाळ पाइपात जाऊन बसतो. शाम्पू दोन दिवसांनी.

मग सुती धोतराच्या तुकड्यात जटा दाबत राहा, कापड ओलं होईनासं झालं की उन्हात बसा. जाड जटांना आठ-दहा तास लागतात. बाहेरून कोरडी वाटली तरी मधोमध चिमटीत धरून बघा, गार लागली म्हणजे आत पाणी आहे. तशीच बांधून झोपू नका.

पहिल्या दिवशी रंग भडक केशरी दिसेल. घाबरून वर दुसरं काही फासू नका, हवा लागून दोन-तीन दिवसांत तो गडद होऊन तांबूस होतो. काळ्या केसांवर मात्र उन्हातच लालसर झाक दिसते, कारण मेंदी मूळ रंग फिका करत नाही. तिचं रंगद्रव्य केसातल्या केराटिन या प्रथिनाला धरतं, त्यामुळे जटा घट्ट आणि जरा जाडसर लागतात. दर महिन्याला लावली तर त्याच कडक होऊन मुळाशी तुटतात. तीन महिन्यांनी एकदा, आणि तेही नुसत्या वाढलेल्या मुळांना.