डिटा शिकायचंय? आधी मजकूर तोडायला शिका

टेक्निकल रायटरच्या जाहिरातीत ‘डिटा (DITA) आवश्यक’ असं दिसलं की नवखे लोक आधी एखादा एडिटर, म्हणजे डिटा लिहायचं सॉफ्टवेअर, शिकायला घेतात. एडिटर नंतरही जमतो. खरं कौशल्य मजकूर नीट तोडण्यात आहे.

डिटा हे मॅन्युअलसारखा मजकूर लिहिण्याचं, एक्सएमएलवर (खुणा म्हणजे टॅग लावून मजकूर लिहायच्या पद्धतीवर) उभं असलेलं मानक. ते आयबीएममध्ये घडलं. २००५ मध्ये ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने १.० आवृत्ती मंजूर केली, २०१५ मध्ये १.३ आली. सलग प्रकरणं लिहायची नाहीत, सुटे टॉपिक लिहायचे आणि प्रत्येकाचा प्रकार आधी ठरवायचा. वाचकाला काही करायचं असेल तर टास्क, समजून घ्यायचं असेल तर कन्सेप्ट, एखादी माहिती चटकन पाहायची असेल तर रेफरन्स.

सरावाला घरच्या वॉशिंग मशीनचं मॅन्युअल पुरतं. ‘ड्रेन फिल्टर साफ करणे’ हा भाग टास्कमध्ये बसवून पाहा. शीर्षक, एक-दोन वाक्यांचं शॉर्टडेस्क म्हणजे सारांश, पूर्वतयारी प्रीरेकमध्ये, मग स्टेप्स. प्रत्येक स्टेपमध्ये एकच सीएमडी, म्हणजे एकच कृती. ‘झाकण उघडून फिल्टर फिरवा आणि पाणी निथळू द्या’ या वाक्यात तीन स्टेप्स दडल्या आहेत. सीएमडी राहिला तर व्हॅलिडेटर (रचना तपासणारं साधन) अडवतो, पण एका सीएमडीत तीन कृती कोंबल्या तर त्याला काही कळत नाही. ते तुम्हालाच पाहावं लागतं. इशारा सीएमडीच्या आधी द्या. हात भाजल्यावर ‘पाणी गरम असू शकतं’ वाचून काय उपयोग?

पुढची पायरी कॉनरेफ. ‘प्लग काढा’ ही सूचना आठ टॉपिकांत लागत असेल तर ती एकदाच लिहून सगळीकडे ओढून घ्यायची. पत्त्यात फाइलचं नाव, टॉपिकचा आयडी आणि एलिमेंटचा, म्हणजे टॅगमधल्या त्या तुकड्याचा, आयडी असतो. कुणी फाइल हलवली किंवा आयडी बदलला की संदर्भ तुटतो, म्हणून मोठ्या कामात फाइलच्या पत्त्याऐवजी ‘की’ (मॅपमध्ये, म्हणजे टॉपिकांची जुळणी करणाऱ्या फाइलमध्ये, ठरवलेलं नाव) वापरून कॉनकीरेफ करणं बरं; एलिमेंटचा आयडी मात्र तरीही जपावा लागतो. अशा मजकुरात ‘वर सांगितल्याप्रमाणे’ कधीच लिहू नका, कारण त्याच्या वर काय येईल हे ठरलेलं नसतं. आणि वाक्याचा तुकडा ओढू नका, पूर्ण वाक्य घ्या. इंग्रजीत उत्पादनाचं नाव बदललं तरी वाक्य तसंच राहतं. मराठीत पंप ‘थांबला’, मोटर ‘थांबली’, मशीन ‘थांबलं’. अनुवादक इथेच अडकतो.

फिल्टरिंगमध्ये, म्हणजे वाचकानुसार मजकूर गाळण्यात, हमखास गोंधळ होतो. एका परिच्छेदाच्या ऑडियन्स या ॲट्रिब्यूटमध्ये (टॅगला जोडलेल्या माहितीत) ‘यूजर’ आणि ‘ॲडमिन’ दोन्ही आहेत आणि काय गाळायचं ते सांगणाऱ्या डिटाव्हॅल फाइलमध्ये फक्त ‘ॲडमिन’ वगळलाय, तर परिच्छेद आउटपुटमध्ये राहतो. हा बग नाही. त्या ॲट्रिब्यूटमधली सगळी मूल्यं वगळली तरच मजकूर जातो.

टॉपिकांपासून वेब पानं किंवा पीडीएफ असं आउटपुट काढायला डिटा ओपन टूलकिट मोफत आहे. आधी एचटीएमएल५ काढा, पीडीएफच्या रूपरंगात लगेच शिरू नका. बिल्ड (आउटपुट काढण्याची प्रक्रिया) यशस्वी दिसला तरी लॉगमधले एरर आणि वॉर्निंग वाचा. तुटलेले कॉनरेफ तिथेच सापडतात.

मार्कडाउनवर, म्हणजे साध्या चिन्हांनी मजकूर लिहायच्या पद्धतीवर, चालणाऱ्या टीमही भरपूर आहेत. तिथे स्टेप आणि तिचा परिणाम वेगळे ठेवायला कोणी भाग पाडत नाही, त्यामुळे ही शिस्त तिथे जास्तच लागते.

मुलाखतीला एक मॅप, तीन टास्क, दोन कन्सेप्ट, एक रेफरन्स, एक कॉनरेफ आणि एकदा डिटाव्हॅल लावून व एकदा न लावता काढलेली दोन आउटपुट घेऊन जा. मूळ मॅन्युअलचं पानही सोबत ठेवा आणि मजकूर नेमका कुठे व का तोडला, हे सांगायची तयारी करा.