वीज कंपनीचे करार आणि संचालक मंडळाची देखरेख : या चुका टाळा

सज्जनगड मागे टाकून ठोसेघरमार्गे चाळकेवाडीच्या पठारावर गेले की पवनचक्क्यांच्या रांगा दिसू लागतात. पाटण तालुक्यात वनकुसवड्याला आणि सांगली जिल्ह्यात ढालगावच्या परिसरातही त्या उभ्या आहेत. पाहणाऱ्याला फिरती पाती दिसतात, त्यांच्यामागचे वीजखरेदीचे करार दिसत नाहीत. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने नोव्हेंबर २००३ मध्ये नव्या पवन प्रकल्पांसाठी पहिल्या वर्षी प्रति युनिट ३ रुपये ५० पैसे आणि पुढे दरवर्षी १५ पैशांची वाढ असा १३ वर्षांचा दर ठरवला. त्या हिशोबाने तेराव्या वर्षी दर ५ रुपये ३० पैशांवर जातो. डिसेंबर २०१७ मध्ये गुजरातच्या सरकारी वीज कंपनीने पवन ऊर्जेसाठी स्पर्धात्मक बोली मागवली, तेव्हा दर २ रुपये ४३ पैशांपर्यंत खाली आला. २००३ मध्ये हे तंत्र आपल्याकडे नवे आणि महाग होते, त्यामुळे तेव्हाचा दर चुकीचा होता असे माझे म्हणणे नाही. मात्र लांब मुदतीच्या करारात त्या दिवसाचा अंदाज पुढच्या अनेक वर्षांसाठी पक्का होऊन बसतो, आणि अंदाज चुकला तर त्याची किंमत मंजुरी देणारे नव्हे, तर वीजग्राहक भरतात, हे मंजुरीच्या टेबलावर बसणाऱ्याने क्षणभरही विसरू नये.

एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाच्या प्रकरणात महाराष्ट्राने हे फार मोठी किंमत देऊन पाहिले. जून १९९२ मध्ये स्पर्धात्मक निविदेशिवाय सामंजस्य करार झाला, डिसेंबर १९९३ मध्ये वीज मंडळाने खरेदी करारावर सही केली, ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये मंडळाने ती वीज घेणे थांबवले. वीज घेतली नाही तरी द्यावा लागणारा स्थिर आकार, डॉलरशी जोडलेली देणी आणि पहिल्या टप्प्यासाठी महाग द्रव इंधन या तिन्ही गोष्टी कराराच्या कागदावर पहिल्यापासून लिहिलेल्या होत्या. खर्च लपवलेला नव्हता. आपली मागणी खरोखर तेवढी वाढेल का, हा प्रश्न आकडे मांडून पुरेसा विचारला गेला नाही.

मी बरीच वर्षे एका सार्वजनिक उपक्रमाच्या लेखा शाखेत निविदांच्या आणि देयकांच्या नस्त्या (फायली) हाताळल्या. त्या अनुभवावरून सांगतो की पैसा बहुधा सहीच्या आधीच्या घाईत आणि सहीनंतरच्या दुर्लक्षात बुडतो. संचालक मंडळावर नव्याने गेलेले सदस्य आणि त्यांच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या ग्राहक संघटना, या दोघांनाही उपयोग व्हावा म्हणून पुढील चुका मांडत आहे.

आयत्या वेळचे विषय

आपल्या भागात कारखाना, दूध संघ, पतसंस्था यांच्या संचालक मंडळांवर बसलेली माणसे घरोघरी सापडतील. विषयपत्रिकेच्या शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ ही ओळ त्यांना परिचित असते. ६ जून २००५ रोजी जुन्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या स्वतंत्र कंपन्या झाल्या, तेव्हापासून त्यांच्या मंडळांना कंपनी कायदा लागू आहे. त्यानुसार बैठकीची सूचना साधारणपणे किमान ७ दिवस आधी जावी लागते. विषयपत्रिकेत नसलेला विषय घ्यायचा असेल तर अध्यक्षांच्या परवानगीबरोबर उपस्थित संचालकांच्या बहुमताची संमतीही लागते. हा नियम अनेक संचालकांच्या ध्यानात नसतो, आणि कोट्यवधींचा विषय बैठकीच्या शेवटच्या दहा मिनिटांत, चहाचे कप उचलले जात असताना मंजूर होतो.

मंजुरीसाठी मंडळापुढे ठेवलेल्या ज्या टिप्पणीला तांत्रिक शाखेचे, वित्त शाखेचे आणि विधी शाखेचे स्वतंत्र अभिप्राय जोडलेले नाहीत, ती टिप्पणी चर्चेला घेऊ नये. फक्त ‘वित्त शाखेची सहमती आहे’ असे वाक्य असेल तर मूळ अभिप्राय मागवावा, कारण ‘पुढील अटींवर सहमती’ असे लिहिलेल्या अभिप्रायातील अटी टिप्पणीत येईपर्यंत गळून पडलेल्या मी अनेकदा पाहिल्या आहेत. बैठक न घेता संचालकांकडे कागद फिरवून, म्हणजे फिरत्या ठरावानेही मंजुरी घेता येते, पण त्यात चर्चा होत नाही. म्हणून मोठ्या कंत्राटासाठी तो मार्ग वापरू नये. विरोधी मत असेल तर ते इतिवृत्तात नोंदवण्याचा आग्रह धरावा. त्यात कटुता येते हे खरे, पण काही वर्षांनी लेखापरीक्षक तोच कागद उघडतात तेव्हा बोललेले शब्द सापडत नाहीत, फक्त लिहिलेले सापडतात.

पुराच्या नावाखाली लांबलेली तातडी

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि जुलै २०२१ मध्ये नदीकाठाने पुन्हा महापूर पाहिला. अशा वेळी उपकेंद्रात पाणी शिरते, डीपी बुडतात, खांब आडवे होतात, पाणीपुरवठ्याचे पंप बंद पडतात. वायरमन छातीभर पाण्यातून लाइन तपासत असताना कोणी निविदेची मुदत मोजत बसावे, असे कोणताही विचारी माणूस म्हणणार नाही. विनानिविदा खरेदीची तरतूद अशाच प्रसंगांसाठी असते.

चूक पाणी ओसरल्यानंतर घडते. रस्ते सुरू झाले, पुरवठादारांची दुकाने उघडली, तरी खरेदी त्याच तातडीच्या अधिकारात चालू राहते आणि बऱ्याच महिन्यांनी सगळे एकत्र करून कार्योत्तर मंजुरीसाठी मंडळापुढे ठेवले जाते. अशी एक नस्ती माझ्याही टेबलावर आली होती. रोहित्रांची (ट्रान्सफॉर्मरची) संख्या होती, रक्कम होती, पण कोणते रोहित्र कोणत्या गावात बसले याची यादी नव्हती. मी ती यादी न मागता नस्ती पुढे पाठवली, ही माझी चूक होती आणि ती मला आजही डाचते. पुढे यादी मागितली गेली तेव्हा ती करणारे अभियंते बदलून गेले होते.

यावरचा उपाय पावसाळ्याच्या आधी करायचा असतो. रोहित्रे, खांब, तारा, रोहित्रातील तेलाचे शुद्धीकरण आणि खांब उभारणाऱ्या टोळ्या यांचे दरकरार रीतसर निविदा काढून उन्हाळ्यातच पक्के केले, तर पुराच्या दिवशी फक्त मागणीपत्र द्यावे लागते आणि दर आधीच ठरलेला असतो. ज्या शहराने दोन वर्षांच्या अंतराने दोन महापूर पाहिले, तिथे पूर हे अनपेक्षित कारण म्हणून मंडळाने स्वीकारू नये. तरीही विनानिविदा खरेदी करावीच लागली, तर आदेशातच तिची अखेरची तारीख लिहावी आणि रोहित्रनिहाय अनुक्रमांक व बसवल्याचे ठिकाण यांची यादी लगेच पुढच्या बैठकीत मागावी.

सर्वांत कमी दर म्हणजे सर्वांत स्वस्त, हा गैरसमज

रोहित्राच्या खरेदीत कमी किंमत सांगणाऱ्याला काम देऊन सगळे निश्चिंत होतात. परंतु रोहित्र एकदा जोडले की त्यावर भार असो वा नसो, त्याच्या गाभ्यात वीज खर्च होतच राहते. एका रोहित्राचा हा भाररहित व्यय दुसऱ्यापेक्षा केवळ १०० वॅटने जास्त असला, तरी वर्षाच्या ८,७६० तासांत ८७६ युनिट आणि २५ वर्षांत २१,९०० युनिट वाया जातात. अशी हजारो रोहित्रे घेताना खरेदीच्या वेळी वाचलेले काही हजार रुपये कुठे जातात, हे वेगळे सांगायला नको. म्हणून रोहित्रांसाठीच्या भारतीय मानक ११८० मधील व्ययाच्या मर्यादा फक्त निविदेच्या कागदावर असून भागत नाही. निविदेचे मूल्यमापन करताना आयुष्यभराच्या व्ययाची किंमत खरेदीच्या किमतीत मिळवली आहे का, आणि आलेल्या मालातून नमुने काढून त्यांची चाचणी झाली आहे का, हे दोन्ही मंडळाने विचारावे.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. जतच्या बाजूला एका उपकेंद्राचे आणि लाइनचे काम निघाले असे समजू. अंदाजपत्रकात कठीण खडकातील खोदाई १०० घनमीटर धरली आहे. पहिल्या कंत्राटदाराची एकूण बोली १ कोटी रुपये आहे आणि खडकाचा दर घनमीटरला ९०० रुपये. दुसऱ्याची एकूण बोली ९८ लाख, म्हणजे तो स्वस्त, पण खडकाचा त्याचा दर ३,००० रुपये. प्रत्यक्षात खडक ८०० घनमीटर निघाला, तर पहिल्याचे काम सुमारे १ कोटी ६ लाखांत झाले असते आणि दुसऱ्याचे १ कोटी १९ लाखांवर जाते. ज्याने जागा नीट पाहिली, त्याला अंदाजपत्रकातील चूक आधीच कळली होती आणि त्याने दर त्याप्रमाणे भरला. कायद्याच्या भाषेत यात गुन्हा सापडेलच असे नाही, पण पैसा मात्र गेला.

हे टाळायचे तर निविदा काढण्यापूर्वी जागेची चाचणी खोदाई झालेली हवी. ठरावीक टक्क्यांपेक्षा परिमाण वाढल्यास वाढीव कामाला बोलीतील दर न लागता प्रचलित दरसूचीचा दर लागेल, असे कलम करारात हवे. मंडळासमोर येणाऱ्या तुलनात्मक तक्त्यात केवळ एकूण रकमा नव्हे, तर अंदाजपत्रकापेक्षा फार वर किंवा फार खाली असलेल्या बाबी वेगळ्या दाखवलेल्या हव्यात. कामाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा खालच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीच्या मर्यादेत बसवण्याचा प्रकारही अशाच तक्त्यावरून उघड होतो. एकाच महिन्यात, एकाच उपविभागात, एकाच कंत्राटदाराला मर्यादेच्या जरा खालच्या रकमेचे लागोपाठ कार्यादेश दिसले की अंतर्गत लेखापरीक्षकाला तिथे पाठवावे.

हितसंबंधाबाबत थोडक्यात लिहितो, कारण नियम स्पष्ट आहे. कंपनी कायद्याच्या कलम १८४ नुसार संचालकाने आपला हितसंबंध जाहीर करायचा असतो आणि त्या विषयाच्या चर्चेत भाग घ्यायचा नसतो. आपल्याकडे नातेसंबंध, भागीदाऱ्या आणि संस्था एकमेकांत गुंतलेल्या असतात, तेव्हा कायद्याच्या व्याख्येत न बसणारा संबंधही सांगून टाकावा आणि विषय संपेपर्यंत खोलीबाहेर थांबावे.

मंजुरीनंतर कोणीच पाहत नाही

माझ्या मते सर्वांत महागडी चूक हीच आहे. मंडळ कंत्राट मंजूर करते आणि ते विसरते. मग मुदतवाढ मिळते, विलंबदंड माफ होतो, जादा बाबी मंजूर होतात आणि प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे पाहिला तर छोटा व समजण्यासारखा वाटतो. त्यांची बेरीज कोणापुढेच येत नाही. त्यासाठी दर तिमाहीत प्रत्येक मोठ्या कंत्राटाची एक ओळ मंडळापुढे यावी, अशी पद्धत लावावी. त्यात मूळ रक्कम, आजवरच्या सर्व सुधारणांसह रक्कम, मूळ मुदत, आजची मुदत, आकारलेला आणि माफ केलेला दंड हे सगळे एकाच ठिकाणी असावे. लेखापरीक्षण समितीने प्रथम हाच तक्ता मागावा.

बँक हमीकडेही असेच दुर्लक्ष होते. हमी संबंधित बँकेकडून थेट पडताळून घ्यावी, कंत्राटदाराने आणून दिलेल्या पत्रावर विसंबू नये, आणि तिची मुदत संपण्याच्या दोन महिने आधी कोणाच्या तरी टेबलावर ती तारीख दिसेल अशी नोंद असावी. कामाला मुदतवाढ दिली आणि हमीला दिली नाही, तर वाद उद्भवेल तेव्हा हातात काहीच उरत नाही. पुरवठादाराच्या हमी कालावधीत जळालेला डीपी कंपनीच्याच खर्चाने दुरुस्त झाल्याची उदाहरणे यामुळेच घडतात की, तो केव्हा आणि कोणत्या कार्यादेशाखाली आला, हे शाखा कार्यालयात कोणालाच माहीत नसते. रोहित्राच्या टाकीवर या हमी कालावधीची अखेरची तारीख ठळक रंगवून ठेवली, तर वायरमनलाही ती वाचता येते.

ग्राहकांनी कुठे चुकू नये

दरवाढीच्या जनसुनावणीत आपली मंडळी पोटतिडकीने बोलतात, पण ‘भ्रष्टाचार थांबवा’ एवढ्यावर आयोग आदेश देऊ शकत नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ६४ नुसार दरप्रस्ताव प्रसिद्ध करावा लागतो आणि लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेऊनच आयोगाला निर्णय द्यावा लागतो. म्हणून प्रस्तावातील भांडवली खर्चाचे तक्ते उघडून आपल्या तालुक्यातील उपकेंद्राचे किंवा फीडरचे (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीचे) काम शोधावे, त्याची मंजूर रक्कम व पूर्ण झाल्याची तारीख पाहावी, जागेवर जाऊन तपासावे आणि विसंगती लेखी हरकतीत पानाच्या क्रमांकासह मांडावी. अशी एक हरकत दहा भाषणांपेक्षा अधिक काम करते.

माहितीच्या अधिकारातील अर्जाचेही तसेच आहे. १० रुपये शुल्क भरून केलेल्या अर्जाला सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे, पण ‘या कामाची सर्व माहिती द्यावी’ असे लिहिले की अर्धवट उत्तर येते. कार्यादेश, त्यातील प्रत्येक सुधारणा, मुदतवाढीचे आदेश, मोजमाप पुस्तिकेची पाने, अंतिम देयक आणि त्या विषयावरील मंडळाच्या इतिवृत्ताचा उतारा अशी कागदांची नावे एकेक करून लिहावीत. व्यापारी गुपिताचे कारण देऊन पूर्ण कागद नाकारला गेल्यास कलम १० दाखवून, जो भाग खरोखर गोपनीय आहे तेवढा झाकून उरलेली पाने मागावीत आणि नकाराविरुद्ध ३० दिवसांच्या आत पहिले अपील करावे.